शूश आणि चोगा झंबील: ईलामी मुद्रा पाहायला जाणाऱ्यांसाठी

शूश, म्हणजे प्राचीन सुसा, येथे सापडलेल्या, ईलाम या नैऋत्य इराणमधल्या प्राचीन राज्याच्या उत्तमोत्तम मुद्रांपैकी, म्हणजे मातीवर ठसा उमटवण्याच्या शिक्क्यांपैकी, बऱ्याच आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहेत, कारण १९०० साली झालेल्या कराराने तिथल्या उत्खननातील वस्तूंवर फ्रेंचांना हक्क मिळाला होता. टेकाडावरचा भक्कम किल्लासुद्धा ईलामी नव्हे. तो जाक द मॉर्गन या उत्खननकाराने १८९७ पासून बांधवून घेतला. हे माहीत असूनही आम्ही आधी इराणच्या खुझेस्तान प्रांतातच गेलो, आणि तोच क्रम योग्य वाटला.

शूशहून गाडी ठरवून सकाळीच चोगा झंबील गाठावे. वाटेतले हफ्त तप्पेचे संग्रहालयही त्याच फेरीत होते. इ.स.पू. तेराव्या शतकात उंताश-नपिरिशा या राजाने इन्शुशिनाक देवासाठी उभारलेल्या चोगा झंबीलच्या झिग्गुरातची, म्हणजे टप्प्याटप्प्याने उंच होत जाणाऱ्या मंदिर-मनोऱ्याची, प्रत्येक बाजू सुमारे १०५ मीटर आहे. फ्रेंच उत्खननकार गिर्शमन यांच्या १९५१ ते १९६२ च्या उत्खननात परिसरातील लहान देवळांमधून शंभराहून अधिक दंडगोल मुद्रा मिळाल्या. त्यांतल्या पुष्कळशा कोरीव दगडाच्या नसून फेयान्सच्या, म्हणजे गारगोटीच्या पुडीपासून घडवून झिलई दिलेल्या पदार्थाच्या आहेत. काही काचेच्याही आहेत. भाविकांनी त्या देवाला वाहिल्या असाव्यात, हे त्या ओसाड अंगणात उभे राहिल्यावर सहज पटते.

संग्रहालयात मात्र घाई करू नये. मुद्रा जेमतेम बोटाच्या पेराएवढी, उभे आरपार भोक पाडलेली. नुसती पाहिली तर ओरखडेच दिसतात. शेजारी मातीवर फिरवून घेतलेला ठसा असेल तर आसनस्थ देवता, तिच्यासमोर हात उंचावलेला उपासक आणि मधल्या कीलाक्षरांच्या, म्हणजे पाचरीच्या आकाराच्या अक्षरांच्या, ओळी एकेक करून उलगडतात. म्हणून आधी ठसा पाहावा, मग मुद्रा. काचेवर प्रकाश चकाकत असल्याने छायाचित्रांवर फार विसंबू नये. लहान भिंग अधिक उपयोगी पडते.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ बरा. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो आणि झिग्गुरातपाशी सावली नावालाही नाही. आपली बँक कार्डे इराणमध्ये चालत नाहीत, त्यामुळे डॉलर किंवा युरो रोख न्यावेत. व्हिसाचे नियम आणि परराष्ट्र मंत्रालयाची प्रवासविषयक सूचना तिकीट काढण्यापूर्वी तपासणे अत्यावश्यक आहे.

पुढे पॅरिसला जाणे झाले, तर सुली दालनातील प्राचीन इराणचा विभाग गाठावा. मंगळवारी लूव्र बंद असते. तिथल्या संग्रहातील सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीच्या एका मृत्तिका-पाटीवरच्या ठशात बैल दोन सिंहांना आवरतो आणि लगेच पुढे सिंह दोन बैलांना. हिशेबाच्या पाटीवर असा खट्याळपणा पाहून हसू येते. सुसातच सापडलेली, बैल आणि सिंधू लिपीची चिन्हे कोरलेली एक दंडगोल मुद्राही याच संग्रहालयाकडे आहे. भारतीय प्रवाशाने तिची चौकशी अवश्य करावी.