सखी की आई

आशिक वेसेल या तुर्की लोककवीवरील माहितीपटाचे मराठी सबटायटल करताना एका ओळीने माझा अख्खा दिवस घेतला, आणि फाइल रवाना होऊन महिना उलटला तरी ती ओळ डोक्यातून गेलेली नाही.

आमच्या हाती मूळ संहिता क्वचितच येते. येते ती वेळा लावलेली इंग्रजी फाइल आणि तिच्यासोबत अक्षरांची मर्यादा. सॉफ्टवेअर काना, मात्रा, वेलांटी हेही स्वतंत्र अक्षर धरते, त्यामुळे ‘काळी माती’ची मधल्या जागेसकट नऊ अक्षरे होतात. ही तक्रार ज्यांच्याकडे करायची, त्यांना देवनागरी वाचता येत नाही.

चरित्राचा भाग विनासायास झाला. १८९४ साली सिवास प्रांतातील सिव्रिआलान गावी जन्म. सातव्या वर्षी देवी येऊन एक डोळा गेला, पुढे अपघातात दुसराही. मुलाचे मन रमावे म्हणून वडिलांनी साझ हे तंतुवाद्य हाती दिले. १९३३ मध्ये प्रजासत्ताकाच्या दहाव्या वर्षानिमित्त रचलेले काव्य घेऊन ते अंकाऱ्याला पायी गेले.

अडले ते ‘कारा तोप्राक’पाशी, म्हणजे ‘काळी माती’पाशी. कितीकांना मित्र म्हणून मिठी मारली, पण निष्ठावंत ‘यार’ काळी मातीच निघाली, असा त्या गीताचा आशय आहे. तुर्कीत व्याकरणिक लिंग नसल्याने कवीला ‘यार’ तो की ती हे सांगावे लागत नाही. मराठीत मात्र ‘माझा’ की ‘माझी’ हे ठरल्याशिवाय वाक्य उभे राहत नाही. मी ‘माझी सच्ची सखी काळी माती’ असे लिहिले. तपासणाऱ्या बाईंनी ते खोडून ‘माझी सच्ची काळी आई’ केले, कारण आपला शेतकरी तसेच म्हणतो. बाई भाषेच्या पक्क्या आहेत, पण ओळखीचा शब्द सापडला की शोध थांबवायचा, ही आमच्या धंद्याची खोड त्यांनाही आहे. मी कळवले की, याच गीतात कवी कुदळ-फावड्याने मातीचे पोट फाडतो, नखांनी तिचा चेहरा ओरबाडतो आणि तरीही ती गुलाब घेऊन सामोरी येते. हे आईशी कसे जोडायचे? बाईंचे उत्तर आले, “अहो, काळ्या आईला आपण नांगरतच नाही का?”

याचे उत्तर मला तेव्हा सुचले नाही. मुदत संपत आली होती, म्हणून ‘सखी’ तशीच राहिली. शेवटच्या कडव्यात, अभंगात यावे तसे, कवीचे नाव येते: एक दिवस ही माती वेसेलला छातीशी कवटाळील. तिथे मी सहज ‘पोटाशी धरील’ असे लिहून गेलो होतो. बाईंनी ते खोडले नाही.