सोबत कोण आहे?

"डॉक्टर, हल्लीच्या मुलींना गर्भपाताचं काही वाटतच नाही का हो?"

हा प्रश्न मला हळदीकुंकवाला विचारतात, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेली बाई विचारते, आणि मार्चमध्ये महिला दिनाच्या व्याख्यानानंतर चहा घेताना तर हमखास कुणीतरी विचारतंच. विचारणाऱ्या बहुतेक माझ्याच वयाच्या, साठीच्या आसपासच्या. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी 1989 पासून स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करते आहे. आज साठीला आलेल्या कितीतरी जणींचे गर्भपात मी माझ्या हाताने केले आहेत. नावं मी कधीच घेणार नाही, पण प्रश्न कानावर पडला की ते चेहरे डोळ्यांपुढे येतात. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सगळं सांगते.

त्या काळी "गर्भपात" हा शब्द दवाखान्यात कुणी उच्चारत नसे. "पाळी चुकलीय, आणायचीय." "पिशवी साफ करायचीय." "क्युरेटिन करून टाका." येणारी बाई लग्नाची, दोन-तीन लेकरांची आई, धाकटं अजून अंगावर पिणारं. सोबत सासू नाहीतर थोरली जाऊ. निर्णय घरीच झालेला असे. मी बाईला विचारावं, "तुला काय वाटतं?" तर ती मान वळवून सासूकडे बघायची. नवरा बाहेर बाकावर बसलेला, सहीपुरता आत यायचा. दुपारी तिला घरी न्यायचे, दोन दिवस चुलीपासून लांब ठेवायचे, डिंकाचे लाडू खायला घालायचे, आणि तो विषय त्या घरात पुन्हा निघायचा नाही. पुढे दहा वर्षांनी तिच्या लेकीच्या बाळंतपणाला ती आली, तरी मी त्या दिवसाची आठवण काढायची नाही आणि तिनेही नाही, असा अलिखित करार असे.

पाप-पुण्याची भाषा मी तेव्हाही क्वचितच ऐकली. परदेशात या गोष्टीवरून निवडणुका लढवल्या जातात तसं आपल्याकडे झालं नाही, आणि त्याचं कारण आपल्या कायद्याच्या जन्मात आहे. 1860 च्या दंड संहितेतल्या 312 कलमाप्रमाणे गर्भपात हा गुन्हा होता, आणि करून घेणारी बाईही त्यात गुन्हेगार ठरायची. चोरून, काड्या घालून केलेल्या गर्भपातांत बायका मरत होत्या. 1964 साली सरकारने शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्या शिफारशींवरून गर्भपाताला परवानगी देणारा 1971 चा कायदा झाला आणि 1 एप्रिल 1972 पासून तो लागू झाला. यासाठी बायकांचे मोर्चे निघाले नव्हते. एका बाजूला बायकांचे मृत्यू होते, दुसऱ्या बाजूला लोकसंख्येची धास्ती. त्यामुळे आमच्या पिढीने गर्भपात हा तांबी, नसबंदी यांच्याच ओळीतला मानला: कुटुंबाच्या सोयीचा, कुटुंबाने ठरवायचा.

कायद्यातली भाषाही तशीच होती. विवाहित स्त्री किंवा तिच्या नवऱ्याने वापरलेलं गर्भनिरोधक साधन निकामी ठरलं, तर त्यातून राहिलेल्या गर्भाचा त्रास हा तिच्या मनावरचा गंभीर आघात समजावा. मी शेकडो कागदांवर हेच कारण लिहिलं आहे. त्यातल्या कित्येकींनी कुठलंच साधन कधी वापरलं नव्हतं. नवरा वापरू देत नव्हता, रात्री "नको" म्हटलेलं ऐकत नव्हता. हे लिहायला कागदावर रकाना नव्हता, आणि तो असायला हवा असं मलाही तेव्हा सुचलं नाही. 29 सप्टेंबर 2022 ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की गर्भपाताच्या कायद्यापुरती नवऱ्याने केलेली जबरदस्तीही बलात्कारातच धरायची. ते वाचताना मला नव्वदच्या दशकातली एक बाई आठवली. चौथ्यांदा आली होती. मी तिला रागावले होते, "किती वेळा तेच?" म्हणून. ती काही बोलली नाही. आज ते रागावणं परत घेता आलं असतं तर घेतलं असतं.

त्याच निकालाने अविवाहित मुलींनाही 24 आठवड्यांपर्यंत गर्भपाताची मुभा देणाऱ्या तरतुदीत विवाहितांच्या बरोबरीने आणलं. त्याआधी 2021 च्या दुरुस्तीने "विवाहित स्त्री किंवा तिचा नवरा" काढून "कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार" असे शब्द घातले होते. कागदावर हा बदल दोन शब्दांचा. माझ्या टेबलासमोर मात्र तो त्याच्या बऱ्याच आधीपासून येऊन बसत होता.

पूर्वी लग्न न झालेली मुलगी यायची ती रात्री. आई किंवा मामा दंडाला धरून आणायचे. तिच्याशी कुणी बोलत नसे, तिच्यादेखत तिच्याबद्दल बोलत. आणि बहुधा चार-पाच महिने उलटलेले असत, कारण सांगायचं कुणाला हेच तिला कळलेलं नसे. आता मुलगी सकाळी येते, स्वतः नाव नोंदवते, पाळीची तारीख मोबाइलमध्ये बघून सांगते. आमच्या गावच्या मुली कोल्हापूरला जातात आणि कोल्हापूरच्या माझ्याकडे येतात, तेवढी लपवाछपवी अजून आहे. पण सहा-सात आठवड्यांतच येतात. वैद्यकीयदृष्ट्या याहून मोठी चांगली गोष्ट नाही, कारण जितकं लवकर तितका धोका कमी.

काही वर्षांपूर्वी अशीच एक विवाहित मुलगी आली होती, चोवीस-पंचवीस वर्षांची. मी फॉर्म पुढे केला आणि म्हटलं, नवऱ्याची सही लागेल. ती शांतपणे म्हणाली, "मॅडम, हे कायद्यात कुठे लिहिलंय?" कुठेच लिहिलेलं नाही. संमतीपत्रावर सज्ञान स्त्रीची एकटीची सही पुरते. अठराच्या आतली असेल तर पालकांची लागते. हे मला माहीत होतं, परीक्षेत लिहिलं होतं, आणि तरीही वीस-पंचवीस वर्षं मी नवऱ्यांच्या सह्या घेत आले होते, उद्या भांडण नको म्हणून. ज्या बायका सही मिळणार नाही म्हणून माझ्या दारातून परत गेल्या, त्या पुढे कुठे गेल्या असतील? त्या मुलीने मला काही सुनावलं नाही. एक साधा प्रश्न विचारला. त्या दिवसापासून मी ती सही मागितलेली नाही.

आता दुसरी बाजूही सांगते, कारण तरुण पिढी सगळी शहाणी झाली असं माझं म्हणणं नाही. कॉलेजात बोलायला गेले की एखादा मुलगा हमखास विचारतो, "पण गर्भपात बेकायदेशीर असतो ना?" त्याचा दोष नाही. तो लहानपणापासून "स्त्रीभ्रूणहत्या हे पाप आहे" अशा पाट्या आणि भिंतीवरची चित्रं बघत मोठा झाला. त्या मोहिमेत मीही होते. गर्भलिंग निदानावर बंदी घालणारा कायदा देशात सर्वांत आधी, 1988 मध्ये, महाराष्ट्राने केला याचा मला अभिमान आहे. देशाचा कायदा 1994 चा. तरी 2011 च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांच्या आतल्या हजार मुलांमागे 807 मुली निघाल्या. तो आकडा बघून आम्ही हादरलो, जास्तच जोरात बोललो, आणि बोलताना एक चूक केली. लिंग तपासून मुलगी नको म्हणणं हा गुन्हा, आणि नको असलेलं गरोदरपण थांबवणं हा कायद्याने दिलेला उपचार, हा फरक आम्ही पाटीवर लिहिला नाही. "हत्या" हा एकच शब्द लोकांच्या लक्षात राहिला.

त्याची किंमत आजच्या मुली मोजताहेत. चौकशी नको म्हणून अनेक औषध दुकानदार गर्भपाताच्या गोळ्या ठेवतच नाहीत. मग त्या कुणाच्या तरी ओळखीने, दुप्पट-तिप्पट पैसे देऊन, चिठ्ठीशिवाय मिळवल्या जातात. मित्र आणून देतो, मैत्रीण कशा घ्यायच्या ते फोनवर सांगते. गोळ्या चांगल्याच आहेत, नियमाप्रमाणे नऊ आठवड्यांपर्यंत डॉक्टरच्या देखरेखीखाली घेता येतात. पण गर्भ पिशवीत न राहता नळीत रुजला असेल, तर या गोळ्यांनी तो पडत नाही. नळी फुटते आणि पोटात रक्तस्राव होतो. अशी एक मुलगी माझ्याकडे पांढरीफटक होऊन आली होती. वाचली. तिने आधी सोनोग्राफी का केली नाही? सोनोग्राफी सेंटरच्या दारावरची पाटी वाचून तिला वाटलं होतं, आत गेलं तर पोलिसांना कळवतील.

आणि तरुण जोडप्यांत अजूनही असे आहेत, जे पहिली मुलगी असताना "फॅमिली कम्प्लीट" व्हावी म्हणून तिसऱ्या महिन्यात येतात आणि गोड बोलून विचारतात, "ती रक्ताची नवीन तपासणी असते ना, त्यात बाकीचंही कळतं म्हणे?" चांगले शिकलेले, पुण्यात नोकरी करणारे असतात. त्यांना मी दार दाखवते. पण त्याच वयाची एक मुलगी माझ्याशी तासभर भांडली होती, की लिंग बघून केलेला गर्भपात आणि स्वतःसाठी केलेला गर्भपात यांत तुम्ही डॉक्टर लोक गल्लत का करता? तिचं म्हणणं बरोबर होतं. आमच्या पिढीला ही दोन टोकं एकत्र धरता आली नाहीत. तिला ती सहज धरता येत होती.

तर, काही वाटतं का? वाटतं. खूप वाटतं. कुणी टेबलावर रडते. कुणी गोळी हातात घेऊन अर्धा तास बसून राहते आणि गोळी परत करून निघून जाते. पुढे तिचं बाळंतपण मीच करते. कुणाला फक्त सुटल्यासारखं वाटतं आणि तसं ती सांगते. तुम्हाला जे "काही वाटत नाही" असं दिसतं, ते हे सांगणं आहे, असं मला वाटतं. बाईने सुटका झाल्याचं मोठ्याने बोलून दाखवावं, याची आपल्याला सवय नाही. सुटका तुम्हालाही वाटली होती. मी तुमचे हात धरले होते, मला माहीत आहे.

निर्णय घराच्या हातून तिच्या हातात आला, हा खरा बदल. तो यायलाच हवा होता. पण त्याबरोबर ते घरही गेलं, आणि याची मला रुखरुख आहे. तुम्हाला विचारलं नाही, पण नंतर कुणीतरी गरम भाताचं ताट हातात दिलं, लेकराला सांभाळलं. ही मुलगी सगळं स्वतः ठरवते आणि संध्याकाळी एसटीने परत जाऊन होस्टेलच्या खोलीत पोट धरून एकटी पडते. आईला सांगता येत नाही. आई म्हणजे कोण? तुमच्या-माझ्या वयाची बाई. दोन वर्षांपूर्वी मी एका मुलीला विचारलं, "आईला सांगावंसं वाटत नाही का?" ती म्हणाली, "तिला हे कळणारच नाही." तिची आई माझी जुनी पेशंट होती. दोनदा आली होती. मी ते सांगू शकत नव्हते. 2021 पासून तर बाईचं नाव उघड करणं हा तुरुंगवासापर्यंतचा गुन्हा आहे, पण कायदा नसता तरी सांगितलं नसतं. मी गप्प बसले आणि माझ्या आयुष्यात इतकं जड गप्प बसणं दुसरं आठवत नाही.

पूर्वी मी पहिला प्रश्न विचारायचे, "सोबत कोण आलंय?" म्हणजे सही कोण करणार. आता विचारते, "आज रात्री सोबत कोण आहे?" कुणी नसेल तर तिला संध्याकाळपर्यंत आमच्याच खाटेवर झोपवते, सिस्टर मऊ भात करून देतात. सुट्टीचंही विचारते. कायद्यात गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा आहे, हे बहुतेकींना ठाऊकच नसतं. ठाऊक झालं तरी ऑफिसात दाखला द्यावा लागेल म्हणून घेत नाहीत.

गेल्या आठवड्यातली मुलगी म्हणाली, "मैत्रीण आहे ना. तिनेही उद्याची सुट्टी काढलीय." ऑफिसात दोघींनीही काय कारण सांगितलं, म्हणून विचारलं. काल बाहेरची पाणीपुरी खाल्ली आणि दोघींचंही पोट बिघडलं, असं कळवलं होतं. मैत्रीण बाहेर बाकावर बसली होती, जिथे पूर्वी नवरे बसायचे तिथेच. मी तिला आत बोलावलं आणि रात्री किती रक्त गेलं तर फोन करायचा, ते समजावून सांगितलं. तिने सगळं मोबाइलमध्ये लिहून घेतलं, माझा नंबरही.