स्लिपवर न छापायची रजा

गेल्या आठवड्यात नव्या नोकरीचं ट्रेनिंग होतं. देश बदलला तरी माझं काम तेच, लोकांचे पगार करायचे. ओव्हरटाइम, टॅक्स, सुट्ट्या असं सगळं डुलकी यावी इतकं ओळखीचं चाललं होतं. तेवढ्यात शिकवणारी म्हणाली, "ही एक रजा पगाराच्या स्लिपवर कधीच दाखवायची नाही. चुकूनही."

घरात मारहाण, धमक्या, छळ सोसणाऱ्यांसाठी ऑस्ट्रेलियात २०२३ पासून वर्षाला १० दिवसांची भरपगारी रजा आहे. तासांवर राबणाऱ्या कॅज्युअल माणसालाही मिळते, आणि कामावर लागल्या दिवसापासून पूर्ण दहा. कोर्टाची तारीख, पोलिसांत जबाब, राहायला दुसरी जागा बघणं, यासाठी. एवढं मी वाचलं होतं.

स्लिपचं मात्र कधी डोक्यातच आलं नव्हतं. बायकोचा ईमेल नवरा उघडतो. रजेचं नाव दिसलं की त्या दिवशी ती ऑफिसात नव्हती हे कळलंच, आणि का नव्हती हेही. म्हणून ते तास नेहमीच्या कामाचे म्हणून लावायचे. तिनं सांगितलं तर दुसऱ्या एखाद्या रजेच्या नावावर. या रजेचे किती दिवस शिल्लक आहेत, तेही छापायचं नाही. कायदा लिहिणाऱ्याला त्या घरात कोण कोणाचा फोन तपासतो हे पक्कं ठाऊक असणार. मी घरी तीन दिवस हेच घोळवत होते. शेवटी आमचे हे म्हणाले, "पुरे आता ती स्लिप!"

जेवणाच्या सुट्टीत एकीनं सहज विचारलं, "तुमच्याकडे बायकांचं फारच कठीण असतं ना?" झालं, माझं डोकंच फिरलं. म्हटलं, आमच्या महाराष्ट्रानं १९९४ सालीच महिला धोरण आणलं, देशात पहिलं. २००५ चा आमचा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा पैशाची कोंडी हीसुद्धा हिंसाच मानतो, बाईला राहत्या घरात राहायचा हक्क देतो. आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये बायकांचे खून थांबवा म्हणून मोर्चे निघाले, ते तुमच्याच शहरांत ना? एवढं सुनावून मी डबा उघडला. नवऱ्यानं केलेल्या बलात्काराला आपल्याकडे अजून बलात्कार म्हणत नाहीत, हे मी तिला सांगितलं नाही. तिनं विचारलंही नव्हतं.

रात्री मात्र पुण्याचं जुनं ऑफिस आठवत राहिलं. आमच्यातली एक ताई महिन्या-दोन महिन्यांनी रजा टाकायची. कारणाच्या रकान्यात कधी 'ताप', कधी 'पाय मुरगळला'. मनगटावरचे वळ ती ओढणीनं झाकायची, आणि सगळ्यांना दिसायचे. डिसेंबरात तिच्या सी. एल., म्हणजे किरकोळ रजा, संपल्या. नियम म्हणजे नियम, मी साधी क्लार्क, माझ्या हातात काय होतं? साहेबांना विचारायला हवं होतं, असं आता वाटतं; पण विचारायचं तरी काय, त्यासाठी आमच्याकडे रकानाच नव्हता.

तिच्या स्लिपवर 'बिनपगारी : ३ दिवस' मीच टाइप केलं होतं. ती घरी गेल्यावर ती स्लिप कोणी वाचली असेल, हा विचार मला या आठवड्यापर्यंत शिवला नव्हता.