एका ओळीच्या फाइलने अडवलेले आलेख

माझ्या प्रबंधातील पर्जन्यमानाचे सगळे आलेख मी मॅटप्लॉटलिब या आलेख काढणाऱ्या पायथॉन लायब्ररीत काढले आहेत. छपाईपूर्वी ते नव्याने काढायला बसले, तेव्हा एकाच स्क्रिप्टमधून लॅपटॉपवर आणि प्रयोगशाळेतल्या संगणकावर वेगवेगळी चित्रे निघू लागली. लॅपटॉपवर अक्षरे हवी तशी ८ पॉइंटची होती. प्रयोगशाळेत मात्र ती १० पॉइंटची येत होती आणि अक्षावरची महिन्यांची नावे एकमेकांना भिडत होती. दोन्हीकडच्या होम फोल्डरमधली कॉन्फिग फाइल (अक्षरांचा आकार वगैरे सेटिंग्ज सांगणारी फाइल) मी ओळ न् ओळ ताडून पाहिली होती, त्यामुळे दोष फॉन्टचाच असणार असे धरून मी दोन दिवस घालवले.

उलगडा झाला तो 'मॅटप्लॉटलिब_एफनेम' या फंक्शनमुळे, कारण कोणती फाइल प्रत्यक्षात वाचली गेली हे ते पूर्ण पथासह सांगते. प्रयोगशाळेतली फाइल होममधली नव्हतीच. स्क्रिप्ट जिथून चालवत होते त्या फोल्डरमध्ये मीच केव्हातरी ठेवलेली, रेषेची जाडी सांगणारी एका ओळीची 'मॅटप्लॉटलिबआरसी' ही कॉन्फिग फाइल होती. मॅटप्लॉटलिब आधी चालू फोल्डर पाहते, मग एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलने (संगणकावर नोंदवून ठेवलेल्या सेटिंगने) दाखवलेली जागा, मग वापरकर्त्याचे कॉन्फिग फोल्डर, आणि पहिली फाइल सापडताच शोध थांबवते. या फायली एकीवर एक रचल्या जातात अशी माझी समजूत होती; प्रत्यक्षात त्या एका ओळीमुळे होममधली फाइल वाचलीच गेली नव्हती आणि बाकी सर्व सेटिंग्ज मूळ डिफॉल्टवर गेल्या होत्या.

ती फाइल मी काढून टाकली आणि प्रबंधासाठी स्वतंत्र स्टाइल फाइल लिहून ती स्क्रिप्टसोबत गिटमध्ये (फायलींतल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) ठेवली. स्टाइल फाइल मात्र आधीच्या सेटिंग्जवर चढते, म्हणून स्क्रिप्टमध्ये मूळ सेटिंग्ज परत आणणारी 'डिफॉल्ट' ही स्टाइल आधी आणि माझी नंतर, अशा क्रमाने दोन्ही लावते. त्यामुळे कोणत्या संगणकावर काय पडून आहे याने आता फरक पडत नाही.

चित्र जतन करतानाचे 'सेव्हफिग.बीबॉक्स' हे सेटिंग मी आधी 'टाइट' ठेवले होते. त्याने कडेची मोकळी जागा छाटली जाते खरी, पण ३.४ इंचांचा आलेख त्या मापाचा राहत नाही, आणि लाटेकमध्ये (प्रबंधाची पाने जुळवणाऱ्या प्रणालीत) तो पुन्हा ३.४ इंचांना बसवला की प्रत्येक चित्रातली अक्षरे थोडी वेगळ्या आकाराची दिसतात. ती ओळ मी काढली आणि चित्राचे माप न बदलता सगळे आत बसवणारा 'कन्स्ट्रेन्ड लेआउट' चालू केला. आता पानावर अक्षरे ८ पॉइंटचीच उमटतात.