तुम्ही विचारलंत म्हणून: ३५ हजार कशाचे दिले

आमच्या फराळाच्या वेबसाइटचा विषय निघाला की भिशीत, लग्नात, लोकलमध्ये एकच प्रश्न येतो. "साइट चालूच होती ना, मग ती गूगलवर नीट दिसावी म्हणून, ते एसईओ की काय, त्यासाठी एका बाईला ३५ हजार कशाला मोजलेस? एखादं प्लगइन टाकायचंस." दर वेळी मी विषय बदलते. आज सांगूनच टाकते.

प्लगइन, म्हणजे साइटला जोडायचा तयार प्रोग्रॅम, होतं. त्याने डॅशबोर्डवर, म्हणजे साइटच्या आतल्या कारभाराच्या पानावर, इशाराही दिला असणार. पण ऑर्डरी व्हॉट्सॲपवर येत होत्या, डॅशबोर्ड उघडत होतं कोण?

२०२२ मध्ये लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होतं. परदेशातले डबे त्याच्या महिनाभर आधी निघावे लागतात, त्यामुळे आमची दिवाळी सप्टेंबरातच असते. साइट मोबाइलवर फार हळू उघडायची. म्हणून गणपतीच्या आधी ओळखीतल्या एका मुलाला आठ हजारांत काम दिलं. त्याने साइटची प्रत वेगळ्या जागी उतरवून तिच्यावर काम केलं. अशी अर्धवट प्रत गूगलने उचलू नये म्हणून वर्डप्रेसच्या (आमची साइट ज्यावर चालते त्या प्रणालीच्या) सेटिंगमध्ये एक चौकट असते. तिच्यावर त्याने टिक केली, आणि ते बरोबरच होतं. मग तीच प्रत त्याने मूळ जागी चढवली, टिकेसकट.

साइट झटकन उघडू लागली. मी खूश झाले, चार जणींना त्याचा नंबरही दिला.

सप्टेंबर सरत आला तरी ऑर्डरींची वही रिकामी. तिसऱ्या माळेच्या रात्री सासूबाई ओट्यापाशी उभ्या होत्या, अनारशाच्या पिठाचा डबा हातात. मला म्हणाल्या, "जर्मनीची मंडळी यंदा फिरकली नाहीत. गेल्या वर्षी माझ्या अनारशांना जाळी पडली नव्हती का गं? खरं सांग." तीन आठवडे ती बाई स्वतःच्या हाताला दोष देत होती, आणि मला पत्ताच नव्हता.

त्याच रात्री मी गूगलवर आमचं नाव टाकलं. फेसबुकचं पान आलं, साइट नाही. आमच्या चकलीचं पान उघडून त्याचा सोर्स कोड, म्हणजे पानामागचा मजकूर, बघितला. वरच्या ओळींतच लिहिलेलं होतं: नोइंडेक्स, नोफॉलो. आमच्याच पानावर, आम्हाला दाखवू नका म्हणून.

टिक काढायला पाच सेकंदं लागली. पण तेवढ्याने पानं परत येत नाहीत. गूगलचा क्रॉलर, म्हणजे साइटी वाचत फिरणारा प्रोग्रॅम, पुन्हा येऊन एकेक पान वाचेल तेव्हाच ती येतात. सर्च कन्सोलमध्ये (आपली साइट गूगलला कशी दिसते ते दाखवणारी गूगलचीच सोय) मी पानापानासाठी विनंती टाकत बसले, त्यालाही दिवसाची मर्यादा. बरीचशी पानं परत दिसायला लागली तोवर आकाशकंदील उतरले होते.

आणि हे मी फारसं कुणाला सांगितलेलं नाही: सर्च कन्सोलची मेल सप्टेंबरच्या पहिल्याच आठवड्यात आली होती. "तुमची साइट पहिल्या नंबरवर आणू" म्हणणाऱ्यांच्या मेल रोज येतात, त्यातलीच समजून मी ती उघडली नाही.

पुढच्या वर्षी जिला काम दिलं तिने पासवर्ड मागितला नाही, आधी फक्त सर्च कन्सोल बघायची परवानगी मागितली. पहिल्या नंबरची हमी कुणीच देऊ शकत नाही, हे गूगल स्वतःच सांगतं, असं तिने सुरुवातीलाच सांगितलं. फरक दिसायला चार महिने ते वर्ष धरा म्हणाली. तिने काढलेली एक गोष्ट सांगते. देवनागरीतलं प्रत्येक अक्षर, काना-वेलांटीसुद्धा, वेबपत्त्यात नऊ खुणा खातं, आणि वर्डप्रेस २०० खुणांवर पत्ता तोडतं. आमच्या "भाजणीची खुसखुशीत चकली घरपोच"चा पत्ता "घर"वरच थांबत होता. मुलाने असे पत्ते बदलून छोटे केले, ते ठीक. पण जुने सगळे पत्ते त्याने मुखपृष्ठाकडे वळवले. सगळं असं एकाच पानावर वळवलं की गूगल जुनी पानं हरवली असंच धरतं. लोकांनी वर्षानुवर्षं एकमेकांना पाठवलेल्या लिंका वाया गेल्या होत्या. तिने ११२ पत्ते हाताने एकेक जुळवले, चकलीचा चकलीकडे, अनारशाचा अनारशाकडे. पैसे त्याचे होते.

हे मी स्वतः शिकले असते का? २०२१ मधली मी हो म्हणाले असते. एसईओ म्हणजे फसवणूक, असंही म्हणाले असते, आणि तेव्हा ज्यांचे फोन यायचे त्यांच्याबद्दल माझं मत आजही तेच आहे. ऑर्डरी आता पूर्वीसारख्या येतात. तिच्या कामामुळे, की एवढ्या काळात त्या आपोआपच आल्या असत्या, हे मला सांगता येत नाही.

त्या मुलाचे राहिलेले चार हजार मी दिलेले नाहीत. तो म्हणतो, साइट चढवल्यावर तपासायचं आपल्यात ठरलंच नव्हतं. खरंच ठरलं नव्हतं. साइट वेगाने उघडते तीही त्याच्याच कामामुळे. सासूबाई दर दिवाळीला म्हणतात, देऊन टाक त्याचे पैसे. मग त्यांचा त्या रात्रीचा आवाज आठवतो, आणि माझा हात थांबतो.