पहिला नंबर 'पोलीस स्टोरी'लाच

रविवार, रात्री उशिरा

जॅकी चॅनच्या चित्रपटांचा विषय निघाला की आमच्याकडे पार्ट्या पडतात. आज जेवणं उरकल्यावर तेच झालं. भाच्याच्या यादीत 'रश अवर' पहिला आणि 'कराटे किड' दुसरा. दाजींचा पहिला नंबर 'ड्रंकन मास्टर २', त्यात तडजोड नाही. माझा 'पोलीस स्टोरी'. ताईने यातलं काही धड पाहिलेलं नाही, पण तो माणूस हसतो छान, तेवढं तिला पुरतं.

भाच्याचं आधी निकालात काढतो. 'रश अवर' (१९९८) मजेचा आहे, नाही कोण म्हणतंय? पण मजा सोबतच्या ख्रिस टकरच्या तोंडाची. जॅकीला त्यात हातपाय हलवायला मोकळीकच मिळत नाही. हाँगकाँगच्या चित्रपटांत कॅमेरा जरा लांब उभा असतो. मारणारा आणि मार खाणारा दोघं एकाच चौकटीत दिसतात, आणि फटका कुठून निघाला नि कुठे बसला ते सलग कळतं. कट आलाच तर पुढच्या शॉटमध्ये तोच फटका किंचित मागून पुन्हा सुरू होतो, त्यामुळे तो दुप्पट लागल्यासारखा वाटतो. हॉलिवूडवाले नेमके फटका बसायच्या क्षणी कापतात. मग तिथे जॅकी आहे की दुसरा कुणी, काय फरक पडतो?

"मामा, तू फक्त जुनं ते सोनं करतोस," भाचा म्हणाला. मी बोलण्यात वेळ घालवला नाही, 'पोलीस स्टोरी' लावला.

१९८५ चा चित्रपट, दिग्दर्शक जॅकी स्वतः. त्याच वर्षी 'द प्रोटेक्टर' आला होता. त्यात अमेरिकी दिग्दर्शकाने त्याचा ठराविक खडूस, बंदूकवाला पोलीस करून टाकला होता. जॅकीला ते रुचलं नाही. हाँगकाँगच्या प्रेक्षकांसाठी त्याने त्यातला काही भाग नव्याने चित्रित केला, आणि पोलीस कसा असावा याचं उत्तर म्हणून हा बनवला. सुरुवातीलाच डोंगरउतारावरच्या झोपडपट्टीतून गाड्या सरळ खाली येतात, पत्रे, फळ्या, घरं मोडत. मग छत्रीचा दांडा अडकवून हा पळत्या डबलडेकरला लोंबकळतो. बस थांबते आणि वरच्या मजल्यावरचे गुंड काच फोडून थेट रस्त्यावर आदळतात. भाच्याने फोन बाजूला ठेवला तो इथे.

मॉलमधला खांब मी पॉज करत करत दाखवला. वरच्या मजल्याच्या कठड्यावरून जॅकी उडी मारून मधला खांब धरतो. खांबाला दिव्यांच्या माळा गुंडाळलेल्या. तो घसरत खाली येताना दिवे तडतड फुटत जातात, मग एक काचेचं छत फोडून तो फरशीवर पडतो. हेच तीन वेगवेगळ्या कॅमेऱ्यांतून तीनदा दाखवलंय. एरवी मला असली फुशारकी आवडत नाही, इथे ती चालते, कारण एकदाच दाखवलं असतं तर विश्वास बसला नसता. हात भाजले होते त्याचे. आणि पडल्यावर कण्हत बसायला वेळ नाही, उठून पुढच्या गुंडाकडे धाव. शेवटच्या त्या मारामारीत इतकी काच फुटते की युनिटमधले लोक चित्रपटाला 'ग्लास स्टोरी' म्हणायला लागले होते.

मध्येच ताई येऊन बसली आणि तिने बरोबर वर्मावर बोट ठेवलं. "त्या बिचारीला सगळे सारखे ढकलतात का रे?" जॅकीच्या मैत्रिणीचं काम करणाऱ्या मॅगी चेउंगबद्दल म्हणत होती. खरं आहे. मैत्रिणीचा रुसवा, तोंडावर केक, गैरसमज, हा सगळा मधला भाग आज बघवत नाही. मीही तिथे पुढे ढकलतो. अपवाद एकच, खेड्यातल्या चौकीत एकटा जॅकी एकाच वेळी अनेक फोन सांभाळतो तो प्रसंग. वायरींचा गुंता, या कानाला एक रिसीव्हर, त्या कानाला दुसरा, याचं उत्तर त्याला. एक फटका न मारता ती त्याची फाइटच आहे.

दाजींनी ही संधी सोडली नाही. "म्हणजे अर्धा सिनेमा पुढे ढकलायचा आणि नंबर पहिला?" त्यांचं म्हणणं असं की 'ड्रंकन मास्टर २' (१९९४) मध्ये पुढे ढकलावं असं काही नाहीच. बरंचसं कबूल. त्यात सावत्र आई झालेली अनिता मुई जॅकीपेक्षा नऊ वर्षांनी लहान आहे, आणि तरी विनोदात ती त्याला खाऊन टाकते. आगगाडीखालची सुरुवातीची लढत तर डोळ्यांचं पारणं फेडणारी आहे. समोर लाउ कार-लिउंग, म्हणजे चित्रपटाचा दिग्दर्शकच. फाइट कशी असावी यावर दोघांचं पटलं नाही, लाउ बाहेर पडला आणि कारखान्यातली शेवटची लढत जॅकीने आपल्या पद्धतीने केली. समोरचा केन लो हा त्याचा खऱ्या आयुष्यातला अंगरक्षक, आणि काय पाय चालवतो! एका पायावर उभा राहून दुसऱ्याने नुसता बडवत सुटतो. जॅकी जळत्या निखाऱ्यांवरून उताणा सरपटतो तेव्हा चाळिशीला टेकलेला होता.

निव्वळ मारामारीला गुण द्यायचे तर दाजी जिंकले. माझं म्हणणं वेगळं आहे. 'ड्रंकन मास्टर' मध्ये अंगात येतं ते दारूने. 'पोलीस स्टोरी' मध्ये येतं ते संतापाने, आणि तो संताप तासभर साठत आलेला असतो. साक्षीदार कोर्टात येत नाही, खटला फसतो, वर पोलिसाच्या खुनाचा आळ याच्यावर, आणि सुटण्यासाठी याला स्वतःच्या साहेबालाच ओलीस धरावं लागतं. म्हणून मॉलमध्ये फुटणारी प्रत्येक काच त्याच्याच डोक्यात फुटते असं वाटतं. शेवटी तो गुंडालाच नव्हे, गुंडाच्या वकिलालाही धुतो. कायद्याने चूक, पण टाळ्या तिथेच पडतात. माझ्या तरी.

खालच्या नंबरांवर फार भांडण नाही. 'प्रोजेक्ट ए' (१९८३) तिसरा, सॅमो हंग आणि युएन बियाओ हे जुने जोडीदार सोबत, बोळांतली सायकलची पळापळ, आणि घड्याळाच्या मनोऱ्यावरून दोन कापडी छतं फाडत खाली पडणं. मूकपटांतला विनोदवीर हॅरॉल्ड लॉइड १९२३ मध्ये घड्याळाला नुसता लोंबकळला होता, याने हात सोडले. चौथा 'पोलीस स्टोरी ३', त्यात मोटरसायकलसकट चालत्या आगगाडीवर उडी मारणारी मिशेल योह जॅकीच्या चित्रपटात जॅकीपेक्षा भाव खाऊन जाते. पाचवा मी 'रंबल इन द ब्रॉन्क्स' घातला तर दाजी हसले. हसू देत. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समागे डोंगर दिसतात, कारण शूटिंग कॅनडातल्या व्हँकुव्हरचं. पण घोटा मोडल्यावर प्लॅस्टरवर बुटासारखा रंगवलेला मोजा चढवून पुढचं काम करणाऱ्या माणसाला पाचवा नंबर जास्त नाही.

भाच्याने मग भारतीय कोटा मागितला. 'कुंग फू योगा' सोनू सूद असूनही एकमताने बाद. 'द मिथ' मध्ये मात्र हंपी आहे, मल्लिका शेरावत आहे आणि उंदीर पकडायच्या गोंदाच्या पट्ट्यावरची एक झकास मारामारी आहे. त्या एका मारामारीसाठी यादीबाहेर उभं राहायची परवानगी दिली.

'कराटे किड' वर पोरगा अडून बसला, आणि तिथे त्याच्याकडे मुद्दा होता. छप्पन्नाव्या वर्षी जॅकी त्यात सहा पोरांशी लढतो, पण स्वतः एकाही पोराला ठोसा मारत नाही. चुकवतो, जाकिटात गुंतवतो, एकाचा हात दुसऱ्यावर बसवतो. ही अस्सल हाँगकाँगची अक्कल आहे. ती गाडी फोडायच्या प्रसंगात तो रडतो तेही खरं वाटतं. सहावा दिला. दुसरा मिळणार नाही.

आत्ता दाजींचा मेसेज आला, पहिला नंबर दोघांत विभागून देऊ म्हणे. विभागून बक्षीस शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत देतात. नाही म्हणून कळवलं.