तुम्ही विचारलंत म्हणून: फर्निचरच्या क्लबाचे पैसे वसूल होतात का?

गेल्या महिन्यात एका वास्तुशांतीला गेले होते. प्रसादाचा शिरा हातात पडायच्या आत यजमानीणबाईंनी मला रिकाम्या हॉलच्या कोपऱ्यात ओढलं. "काकू, एक पत्र आलंय. सोफे, पडदे, गालिचे, सगळं कारखान्याच्या भावात मिळतं म्हणे, फक्त आधी मेंबर व्हायचं. तुम्ही झाला होतात ना? घ्यावी का मेंबरशिप?"

न्यू जर्सीत आमच्या भागात नवं घर घेतलेलं जवळजवळ प्रत्येक मराठी जोडपं मला हे कधी ना कधी विचारतं. असे क्लब केलेले आमच्या मंडळात आणखीही दोघे-तिघे आहेत, पण ते कबूल करत नाहीत. म्हणून सगळे माझ्याकडे येतात.

तर आधी उत्तर. घर सजवायला हजारो डॉलरची फी भरून मेंबर होऊ नका. आता कारण सांगते, पण ते जरा लांबून येतं, कारण त्यात माझी आईसुद्धा आहे.

आई गोरेगावात मुंबई ग्राहक पंचायतीची सभासद होती. पंचायत १९७५ साली सुरू झाली आणि मला कळायला लागलं तेव्हा आमच्या इमारतीत तिचा संघ होता. शेजारपाजारच्या कुटुंबांनी मिळून संघ करायचा, महिन्याची यादी भरायची, आणि माल एकगठ्ठा येऊन कोणाच्या तरी घरी उतरायचा. आमच्याकडे उतरला की त्या संध्याकाळी बाहेरच्या खोलीत पाय ठेवायला जागा नसे. तूरडाळ, साखर, चहा, साबण, दिवाळीच्या आधी उटणं. बायका याद्या बघून पिशव्या लावायच्या, आम्ही पोरं नावांच्या चिठ्ठ्या चिकटवायचो. वाण्यापेक्षा स्वस्त, आणि डाळीत खडे नाहीत. मधला व्यापारी काढला की माल चांगला आणि स्वस्त मिळतो, हे मी पुस्तकात वाचलेलं नाही, त्या पिशव्यांमध्ये बसून शिकलेय.

त्यामुळे २००७ मध्ये आम्ही इथे घर घेतलं आणि तसंच एक पत्र आलं, तेव्हा मला त्यात खोट दिसलीच नाही. उलट वाटलं, चला, अमेरिकेतही पंचायत आहे! (घराचं खरेदीखत सरकारदरबारी नोंदलं की ती माहिती सगळ्यांना खुली होते, म्हणून असली पत्रं नावानिशी येतात. मला वाटलं होतं आमची खास निवड झालीय.)

पत्रात अट होती की नवरा-बायको दोघांनी यायचं. शनिवारी सकाळी, हायवेला लागून असलेल्या त्यांच्या शोरूममध्ये. कॉफी, डोनट, मग एक फिल्म, मग एका फार गोड माणसाने फळ्यावर बाण काढून दाखवलं: कारखाना, घाऊक व्यापारी, दुकान, तुम्ही. मधल्या दोन चौकोनांवर त्याने फुल्या मारल्या. मी नवऱ्याकडे असं बघितलं जसं काही ते चित्र माझ्या आईनेच काढलंय.

मग कॅटलॉगांच्या भिंती. जाड जाड, नामवंत कंपन्यांचे. मी एक उघडला तर आत भाव नाहीत. भाव कुठे आहेत? ते मेंबरांनाच. का? कंपन्या आमच्यावर रागावतील, दुकानदार त्यांच्यावर रागावतील. फी ३,९०० डॉलर, पुढे दरवर्षी नूतनीकरणाचे २००. हप्त्यांची सोय आहे, व्याजासकट. आम्ही म्हटलं, घरी जाऊन विचार करतो. तो हसून म्हणाला, जरूर विचार करा, पण इथेच, या टेबलावर. आज बाहेर पडलात की तुम्हाला पुन्हा बोलावता येणार नाही.

आई यादी भरायची तेव्हा तिच्यासमोर भावपत्रक असायचं. एवढी एक गोष्ट मला त्या क्षणी आठवली असती तर हा लेख लिहावा लागला नसता. पण समोर कोऱ्या भिंतींचं घर होतं, दीड तास झाला होता, पोराला शेजारणीकडे सोडलं होतं. सही केली.

त्या सहीबद्दल एक सांगून ठेवते, कारण इथे बरेच जण गाफील राहतात. "अमेरिकेत तीन दिवसांत काहीही रद्द करता येतं" असं आपल्यात सर्रास बोललं जातं. फेडरल ट्रेड कमिशनचा, म्हणजे ग्राहकांचं हित बघणाऱ्या इथल्या सरकारी संस्थेचा, तीन कामकाजी दिवसांचा नियम आहे खरा, पण तो विक्रेता तुमच्या घरी आला, किंवा हॉटेलच्या हॉलसारख्या तात्पुरत्या जागी विकत असला, तर. त्याच्या कायमच्या दुकानात तुम्ही स्वतःच्या पायांनी चालत गेलात तर तो नियम लागू नाही. राज्यांचे कायदे आणखी वेगळे असू शकतात, ते सहीच्या आधी बघायचे. आम्ही सोमवारी बघितले.

आता हिशेब. क्लबवाले बचत मोजतात ती छापील किमतीपासून. फर्निचरवर ती छापील किंमत कोण देतं? प्रेसिडेंट्स डे, मेमोरियल डे, लेबर डे, वर्षभर कुठला ना कुठला सेल चालूच असतो. फी साधारण ४,००० धरा. छापील किमतीवर ४० टक्के सूट मिळते म्हटलं की १०,००० डॉलरच्या खरेदीत फी सुटते, आणि नव्या घराला तेवढं तर लागतंच, असं कुणालाही वाटतं. पण दुकानात प्रत्यक्ष जो भाव पडतो त्याच्याशी तुलना केली आणि फरक १५ टक्के निघाला, तर फी सुटायला जवळपास २७,००० डॉलरची खरेदी हवी. वर वाहतूक आणि हाताळणीचा खर्च वेगळा. फरक १० टक्क्यांवर आला की ४०,०००.

आमचं जेवणाचं टेबल, आठ खुर्च्यांसह, छापील किंमत ५,२००. क्लबात ३,१००. नवऱ्याने एक्सेलमध्ये 'वाचले' या रकान्यात २,१०० लिहिले आणि दोघांनी बर्फी खाल्ली. वाहतूक वगैरे ४२० झाले, म्हणजे घरात पडलं ३,५२० ला, तेही चौदा आठवड्यांनी. तोवर आम्ही खोक्यांवर जेवलो. त्याच सुमाराला मैत्रिणीने लेबर डेच्या सेलमध्ये त्याच कंपनीचं तेच टेबल दुकानातून घेतलं, घरपोच ३,३५० ला. आमच्या एका खुर्चीचा पाय जरा आखूड निघाला. परत करता येईना, ऑर्डर देऊन मागवलेल्या मालाला परतीची सोय नव्हती. तिच्या पायाखाली अजून पुठ्ठ्याची घडी आहे.

पण मला खरं नडलं ते टेबल नव्हे, 'वसूल' हा शब्द. आपल्या माणसांना हा शब्द फार वाईट. बुफेला गेलं की वसूल, पासाची बस की वसूल, नाटकाला तिसरी घंटा व्हायच्या आत पोचून जाहिरातीसकट वसूल. फी एकदा गेली की ती गेली, असं आमच्या घरात कोणी म्हणायला तयार नव्हतं. ती वसूल करायची होती. म्हणून दिवाणखान्यातला बरा असलेला सोफा बदलला. म्हणून पडदे, ज्यांची गरज होती, ते गरजेपेक्षा तीन खिडक्यांना जास्त आले. म्हणून तळघरात पाहुण्यांची खोली करायचं ठरलं आणि तिच्यासाठी पलंगाचा हेडबोर्ड, ड्रेसर, दोन नाइटस्टँड मागवले. पाहुणे म्हणजे माझी आई, आणि तिला गुडघ्यांमुळे जिना उतरता येत नव्हता. तळघर आजतागायत तळघरच आहे.

दोन वर्षांनी 'वाचले' रकान्याची बेरीज ४,६०० झाली. नवरा म्हणाला, बघ, सुटले. तो शिकलेला माणूस आहे, पण त्या रात्री मी त्याला शेजारच्या रकान्याची बेरीज करून दाखवली, 'खर्च' नावाच्या. मग आम्ही नूतनीकरण केलं नाही.

डाळ दर महिन्याला संपते. सोफा पंधरा वर्षं संपत नाही. आईचा संघ चालला कारण लोक नाहीतरी घेणारच होते तेच त्यात घेत, आणि पुन्हा पुन्हा घेत. फर्निचरच्या क्लबाची फी पहिल्या वर्षीच्या उत्साहावर भरली जाते आणि तो उत्साह घर भरलं की ओसरतो. वर क्लबाचं स्वतःचं आयुष्य किती, हाही प्रश्न. या धंद्यातलं गाजलेलं नाव डायरेक्टबाय. आमचा क्लब तो नव्हे. १९७१ मध्ये युनायटेड कन्झ्युमर्स क्लब या नावाने सुरू झालेल्या त्या कंपनीने नोव्हेंबर २०१६ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. पुढच्या दहा वर्षांच्या बचतीचा हिशेब मांडताना एवढं लक्षात असू द्या.

कोणाचे वसूल झालेच नाहीत, असं मात्र म्हणणार नाही. माझ्या ऑफिसातल्या एका बाईंचं समुद्रालगतचं घर २०१२ च्या सँडी वादळात पाण्याखाली गेलं. त्यांनी स्वयंपाकघराची कपाटं, लाद्या, दोन बाथरूम, दारं, सगळं क्लबातून घेतलं. पण त्या आधी तीन दुकानांतून लेखी भाव घेऊन बसल्या होत्या, आणि काय लागणार त्याची यादी विमा कंपनीने करून दिली होती. हौस म्हणून त्यात एक दिवासुद्धा नव्हता. त्यांना परवडलं. तुमचं घर वाहून गेलं नसेल तर त्यांचं उदाहरण घेऊ नका.

मग फीवाली मेंबरशिप म्हटली की सगळीच वाईट का? कॉस्टको या घाऊक मालाच्या दुकानाची आमच्याकडे अजून आहे. साधी मेंबरशिप सप्टेंबर २०२४ पासून ६५ डॉलर झाली, पण भाव आधी बघता येतात, आवडलं नाही तर फी परत मिळते, आणि तांदूळ-तेल-टिश्यूवरच ती सुटते. गादी तिथून घेतली तर ती वरकमाई. आरएच या महागड्या दुकानाने २०१६ मध्ये वर्षाला १०० डॉलरची मेंबरशिप काढली, पूर्ण किमतीच्या मालावर २५ टक्के सूट. फी पुढे वाढली. तिथे निदान दोन्ही किमती शेजारी शेजारी लिहिलेल्या असतात, त्यामुळे एकच मोठी वस्तू घ्यायची असली तरी गणित तोंडी होतं. तिथला सोफा सूट धरूनही मला परवडत नाही, ते सोडा. आयकियाची मेंबरशिप फुकट आहे आणि आमच्या न्यू जर्सीतल्या एलिझाबेथ शहराच्या आयकियात विक्रीकर निम्मा लागतो, कारण तो भाग राज्याच्या सवलतीच्या क्षेत्रात येतो. ही बातमी मला एवढ्या वर्षांत एकाही क्लबवाल्याने दिली नाही. आणि अगदी लाकडाचं भक्कम, पिढ्यान् पिढ्या टिकणारं हवं असेल तर नॉर्थ कॅरोलायनात हिकरी, हाय पॉइंटकडे एक चक्कर मारा. फर्निचरच्या धंद्यासाठीच तो भाग ओळखला जातो. कारखान्यांची आउटलेट आहेत, हाताने खुर्ची हलवून बघता येते, आणि दारात कोणी मेंबरशिप कार्ड मागत नाही.

त्या वास्तुशांतीच्या दिवशी एवढं सगळं बोलायला वेळ नव्हता, आरती सुरू झाली. मी त्या यजमानीण मुलीला इतकंच विचारलं, पहिल्या वर्षात काय काय घ्यायचंय? ती म्हणाली, एक सोफा, जेवायचं टेबल, आणि पलंगाशेजारी ठेवायला काहीतरी छोटंसं.

सोफ्याचं तुमचं तुम्ही बघा. पलंगाशेजारी ठेवायला माझ्या तळघरात दोन नाइटस्टँड आहेत, २००८ पासून खोक्यातच. येताना मोठी गाडी आणा, जड आहेत.